धुरपदा

धुरपदा दिसायच्या आधी ऐकू येते. सायखेड्याकडून ती आमच्या फाट्यावर वळली की काकू तव्याखालचा गॅस मोठा करतात, ओट्यावर बसलेली आजी "आली बया" म्हणते, आणि कुत्री जागची हलत नाहीत, कारण हिच्यापुढे भुंकून काही उपयोग नाही हे त्यांना केव्हाच कळलेलं आहे. मग बऱ्याच वेळाने उसाच्या आडून तिचं पांढरं टाळकं दिसतं. टाळक्यावर भगव्या अक्षरांत ‘भैरवनाथ प्रसन्न’, डावा आरसा तारेने बांधलेला, हौद्यावर गुंडाळलेली ताडपत्री.

नाव आजीनेच ठेवलं. आजीच्या माहेरी या नावाची एक बाई होती म्हणे. ती बांधावर उभी राहून कुणाच्या तरी कानात काही सांगायला लागली की पलीकडच्या वस्तीवरची माणसं खुरपी खाली ठेवून ऐकायची. आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, नवी कोरी पिकअप दारात आणली, नारळ फुटला, आप्पांनी चावी फिरवली आणि आजीने तोंडाला पदर लावून बारसं उरकलं. त्याला आता बारा पावसाळे झाले. आरटीओच्या कागदावर ती नुसता एक नंबर आहे. निफाड तालुक्याच्या गोदाकाठावर ती धुरपदा आहे.

कामाला मात्र वाघीण. खरिपात टोमॅटोचे वीस-वीस किलोचे कॅरेट घेऊन पिंपळगाव बसवंतच्या बाजारात, उन्हाळ्याआधी द्राक्षांच्या पेट्या, मग कांदा, आणि वर्षभर अधूनमधून रात्रीचा भाजीपाला घेऊन कसारा घाट उतरून वाशीला. कागदावर तिची ताकद सव्वा टनाची आहे. हौद्यात प्रत्यक्ष किती असतं हे आमच्याकडे विचारायची पद्धत नाही.

तिचा स्वभाव भरल्या-रिकाम्या हौद्यावर ठरतो. भरलेली असली की ती कामाशी काम ठेवते. पाटे दबलेले, फाळका मालाने दाबून धरलेला, इंजिनाचा एकच दमदार सूर. माल उतरवून रिकामी परत निघाली की हिच्या अंगात येतं. दबायला काही नाही म्हणून कमानपाटे एकमेकांवर आपटतात, शॅकलचे बुश कुरकुरतात, फाळक्याच्या साखळ्या पत्र्यावर ताल धरतात, सीटखाली जॅक आणि टॉमी यांचं जुनं वैर उफाळून येतं. वाशीहून पहाटे रिकाम्या परतणाऱ्या धुरपदात झोप लागलेला माणूस मी पाहिलेला नाही. अपवाद आप्पांचा, आणि ते स्टिअरिंगवर होते, असं काकूंचं म्हणणं आहे. आप्पा ते मान्य करत नाहीत.

आता माझा यात संबंध काय, तर मी पुण्यात गाड्यांच्या आवाजावर पोट भरतो. भिंतींना फोमचे मोठमोठे सुळके लावलेली खोली असते, आत आवाजाचा पडसाद उमटत नाही, तिथे नव्या गाड्यांना मायक्रोफोन लावून आम्ही त्यांची उलटतपासणी घेतो. आमच्या खात्याचं नाव एनव्हीएच : आवाज, थरथर आणि अंगाला जाणवणारा खडबडीतपणा. दिवसभर मी दुसऱ्यांच्या गाडीतला अर्ध्या डेसिबलचा कुरकुराट शोधतो आणि सुट्टीला घरी आलो की धुरपदात बसून बाजाराला जातो. डॉक्टरच्या घरात खोकला, तसलाच प्रकार.

तिच्या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं. मूळपुरुष रुडॉल्फ डिझेल. या जर्मन अभियंत्याला १८९३ साली पेटंट मिळालं आणि १८९७ साली त्याने ऑग्सबर्गच्या कारखान्यात चालतं इंजिन दाखवलं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि आग लागते. डिझेलने ठिणगीच काढून टाकली. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात कोंबायची, ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेल फवारायचं की ते आपोआप पेटतं. कल्पना झकास, पण तिच्यातच हिचा तोंडाळपणा दडलेला आहे. फवारलेलं डिझेल लगेच पेटत नाही. त्याचं बाष्प व्हायला, हवेत मिसळायला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वेळ जातो. तेवढ्यात आणखी डिझेल येऊन साचतं, आणि मग साचलेलं सगळं एकदम भडकतं. सिलिंडरमधला दाब उभा चढतो, पिस्टनपासून ब्लॉकपर्यंत सगळं लोखंड ठोका बसल्यासारखं वाजतं. डिझेलची ती ओळखीची टकटक म्हणजे हा ठोका. स्वतः डिझेलसाहेब १९१३ साली अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून एका रात्री नाहीसे झाले, कुणाला काही न बोलता. त्यांचं इंजिन मात्र तेव्हापासून बोलतंच आहे.

थंडीत हा उशीर वाढतो आणि ठोका आणखी कडक होतो. आमचं निफाड महाराष्ट्रात थंडीसाठी बदनाम आहे. पारा चार-पाच अंशांवर उतरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. अशा पहाटे धुरपदाला जागं करायचं म्हणजे आधी हीटर प्लगचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग चावी. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं ती जे काही बोलते ते छापण्याजोगं नसतं. अंग तापलं की भाषा सुधारते.

या ठोक्यावर इंजिनवाल्यांनी पुष्कळ डोकं चालवलं आहे. एक काळ असा होता की सिलिंडरला लागून छोटी उपकोठडी असायची. जळण आधी तिथे पेटायचं आणि मग मोठ्या सिलिंडरात यायचं. ठोका बोथट व्हायचा, पण गाडी डिझेल जास्त प्यायची. मग डिझेल वाचवायला ती कोठडी गेली आणि आवाज परत आला. तोड निघाली ती कॉमन रेलने. सगळ्या नोझलना एकाच नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल द्यायचं आणि नोझल विजेवर उघडायचे. प्रवासी मोटारींत हे पहिल्यांदा बाजारात आलं ते १९९७ साली, अल्फा रोमिओ १५६ मध्ये. विजेवर उघडणारा नोझल हवा तेव्हा, हवा तितकाच उघडता येतो. त्यामुळे मुख्य फवाऱ्याच्या आधी एक इवलासा शिंतोडा सोडता येतो. तो पेटून हवा आणखी तापवतो, मागून येणाऱ्या फवाऱ्याला साचून राहायला वेळच मिळत नाही, दाब उभा न चढता उतरणीवरून चढल्यासारखा चढतो. धुरपदा कॉमन रेलची आहे. म्हणजे जन्मतः ती तिच्या मागच्या पिढीपेक्षा पुष्कळ मवाळ होती. बिघडली ती आमच्या घरात येऊन.

आप्पांचं यावर एकच उत्तर : "गाडी मुकी झाली तर तिचं दुखणं मला कळायचं कसं?" याला हसून चालत नाही. आप्पांची पिढी विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाच्या ठोक्यावर झोपलेली आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात उभी राहिली आणि पुढे मळ्यामळ्यांत ते इंजिन गेलं. रात्री पाणी भरताना माणूस बांधावर घोंगडी टाकून पडायचा आणि ठोका चुकला की उठून बसायचा. आवाज चालू म्हणजे पाणी चालू. अशा माणसाला ‘आवाज कमी करू’ म्हटलं की त्याला आपण काहीतरी चोरायला निघालो आहोत असं वाटतं.

आप्पा मोबाइल नेहमी डाव्या कानाला लावतात. उजवा कान बारा वर्षं उघड्या खिडकीशी होता. धुरपदाला एसी नाही, काच वर केली तर एप्रिलमध्ये माणूस आत शिजेल. आप्पा घरात बोलतात तेही चौथ्या गिअरमधलं असतं, आणि त्यांना उत्तर द्यायचं म्हणून काकूही त्याच पट्टीत. आमच्याकडे भांडण चालू आहे की चहा विचारला जातो आहे हे शेजाऱ्यांना बाहेरून सांगता येत नाही.

कायदाही इथे फारसा कामाचा नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सर सक्तीचा आहे, नव्या गाडीचा आवाज मोजला जातो, पण मोजणारा मायक्रोफोन उभा असतो रस्त्याच्या कडेला, गाडीच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर. म्हणजे काळजी रस्त्यावरून चालणाऱ्याची. स्टिअरिंगमागच्या माणसाचा कान इंजिनापासून हातभर अंतरावर आहे, त्याचं कुणी विचारत नाही. कारखान्यात आठ तासांना नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची संस्था पंच्याऐंशीच सांगते, आणि वर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा करा म्हणते. पण पिकअपची केबिन हा काही कारखाना नव्हे.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मीच कंबर कसली. बॉनेट उघडलं तर आत गोणपाट. कुणा शहाण्याने आप्पांना सांगितलं होतं, बारदान लावलं की आवाज दबतो. बारदान तेल पिऊन काळं झालेलं, खाली सुटून टर्बोच्या अंगाला टेकायच्या बेतात. डिझेल गाडीचा टर्बो रात्री घाटात लाल होतो. तिथे तेलकट गोणपाट म्हणजे आवाज कायमचा बंद करायचा रस्ता, गाडीसकट. पायाखालच्या मॅटच्या तळाशी डांबरी पट्ट्या होत्या, स्लॅबच्या गळतीला लावतात त्या. उन्हाळ्यात त्या वितळून वाहिल्या होत्या आणि केबिनला नव्या रस्त्याचा वास कायमचा चिकटला होता. टपावर आतून अंड्यांचे ट्रे लावावेत असंही एकाने सुचवलं होतं. ट्रेने आवाज अडत नाही, फक्त गिऱ्हाईक अंडी मागतं.

आवाज दाबायला निघालेला माणूस पहिली चूक करतो ती ही, की तो जाड काहीतरी विकत आणतो. आधी भोकं बघायची असतात. लोडशेडिंगच्या रात्री मी धुरपदाच्या बॉनेटखाली मोठी एलईडी बॅटरी पेटवून ठेवली, बॉनेट लावलं आणि आत जाऊन दारं बंद करून बसलो. डोळे सरावले तशी ती उजळायला लागली. क्लचच्या पेडलमागे चंद्रकोरीएवढी फट. वायरिंगचा जुडगा जिथून आत येतो तिथलं रबरी ग्रोमेट निखळलेलं, त्यातून सरळ किरण. टेप बसवणाऱ्याने पाडलेलं आणि न बुजवलेलं भोक. आणि गिअर लिव्हरच्या बुडाशी तर उजेडाचं तळंच, कारण तिथला रबरी बूट चिरून त्याच्या नुसत्या चिंध्या उरलेल्या. जिथून उजेड येतो तिथून आवाज येतोच. आमच्या धंद्यातला हिशेब असा की अडसराचा शंभरावा हिस्सा उघडा असेल, तर बाकीचा अडसर किल्ल्याच्या भिंतीएवढा करा, वीस डेसिबलच्या पलीकडे आवाज अडायचा नाही. आप्पांना बोलावून दाखवलं. ते वाकून बघत म्हणाले, "म्हणूनच हिवाळ्यात पाय गरम राहतेत."

गिअरचा बूट, दोन ग्रोमेट, पेडलखालचं रबर, दरवाज्यांचं नवं बीडिंग. नाशिकच्या पार्टच्या दुकानातून आणलेल्या या सामानाची पिशवी हातात मावत होती. पुढे जे महागडं साहित्य लावलं, त्या सगळ्यापेक्षा या पिशवीने जास्त काम केलं असं माझं ठाम मत आहे.

मग मिस्त्रींकडे. आमचे मिस्त्री फार बोलत नाहीत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून ते डोळे मिटतात. एकेका नोझलपाशी थांबत गेले आणि तिसऱ्यापाशी म्हणाले, "फुसफुसतोय." नोझलखाली तांब्याचं वॉशर असतं, सिलिंडरचा दाब अडवून धरणारं. ते बसकं झालं की प्रत्येक ठोक्याला थोडा वायू निसटतो. नोझल काढला तर बुडाशी डांबरासारखा काळा थर जमलेला. वॉशर बोटाच्या नखाएवढं, कडेला एका बाजूने काळी रेघ गेलेली. ते मी जपून ठेवलं आहे, ऑफिसात टेबलावर असतं. एवढ्याशा चकतीने आप्पांच्या म्हणण्यानुसार ‘कंपनीचाच आवाज’ काढला होता.

खरं दुखणं मात्र फाउंडेशनचं निघालं. इंजिन चासीवर थेट बसत नाही, रबरी फाउंडेशनवर बसतं. इंजिनाने आपलं थरथरणं आपल्यापाशी ठेवावं म्हणून ती व्यवस्था. धुरपदाचं डावं रबर दबून चपटं झालं होतं आणि लोखंडाला लोखंड लागलं होतं. चार सिलिंडरचं इंजिन फेरीला दोन ठोके देतं. मिनिटाला २४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ८० ठोके, आणि ते सगळे थेट चासीत. या ८० च्या सुराची लांबी हवेत सव्वाचार मीटर भरते, म्हणजे केबिनच्या दुपटीहून जास्त. त्याला इंचभर फोम काय अडवणार? बारीक, चिरका आवाज फोम पितो. हा छातीत घुमणारा सूर उगमालाच धरावा लागतो. नवी फाउंडेशन बसली, सायलेन्सरला आवळलेली लोखंडी तार काढून तिथे मूळचे रबरी झुले लागले, आणि गाडी उभी असताना आरशात मागचा ट्रॅक्टर एकच दिसायला लागला. तोवर तो नेहमी दीड दिसायचा.

एवढं झाल्यावर पत्र्याकडे वळलो. पिकअपच्या केबिनची मागची भिंत म्हणजे सरळसोट पत्रा, मिलिमीटरभरही जाड नाही, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे वीतभर अंतरावर. बोटाच्या पेराने ठोकलं तर टण्ण वाजायचा आणि वाजतच राहायचा. वाजत्या ताटावर बोट टेकवलं की ताट गप्प होतं, तेच इथे करायचं : ब्यूटाइलची चिकट काळी पट्टी, वर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. पत्रा थरथरला की मधलं ब्यूटाइल ताणलं जातं आणि ती थरथर उष्णता होऊन जिरते. सगळी भिंत लिंपायची गरज नसते, मधला तिसरा हिस्सा पुरतो. दुकानदार पूर्ण गाडीचं बिल करतात, ती गोष्ट वेगळी. रोलरने दाबून पट्टी बसवली, पुन्हा पेर मारलं. ठप्प. चुलतभावाने ठोकून बघितलं, काकूंनी ठोकून बघितलं, संध्याकाळपर्यंत निम्म्या आळीने धुरपदाच्या पाठीत बुक्के मारून घेतले.

तळाला बंद छिद्रांचा फोम आणि वर जड व्हिनाइलची मॅट. नेहमीचा नमदा मुद्दाम टाळला. टोमॅटोचं पाणी, धुण्याचं पाणी, पावसातले पाय. नमदा भिजला की वाळत नाही आणि खालून पत्रा सडतो. मॅट जड हवी, कारण अडसराचं वजन दुप्पट केलं की सुमारे सहा डेसिबल मिळतात. पण मालवाहू गाडीत वजन म्हणजे पैसा. आप्पांनी मॅट उचलून बघितली आणि मनातल्या मनात कॅरेट मोजले, ते मला दिसलं.

फाळका आणि पाटे यांचं काम चुलतभावाने केलं आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून फाळक्याच्या कडेला रिबिटले, साखळ्यांना सायकलची ट्यूब चढवली, शॅकलचे बुश बदलले, पाट्यांना ग्रीस भरलं, जॅक आणि टॉमी यांना वेगवेगळ्या चिंध्यांत गुंडाळून सीटखाली वेगवेगळ्या बाजूंना ठेवलं. सगळा खर्च चहापाण्यात.

फोनवरच्या आवाजमापकाच्या आकड्याने जेमतेम पाच-सहा डेसिबल उतरल्याचं दाखवलं. आप्पांना तो आकडा अपमानास्पद वाटला. एवढा खटाटोप आणि पाच? त्यांना समजावणं जड गेलं की या मापाचं गणित निराळं आहे : सारख्या आवाजाच्या दोन गाड्या उभ्या असतील आणि एक बंद केली तरी तीनच उतरतात, आणि कानाला निम्मं वाटायला दहा लागतात. "म्हणजे निम्म्याच्या निम्मं काम झालं," आप्पा म्हणाले. पुण्यातल्या आमच्या साहेबांनाही हे इतक्या थोडक्यात सांगता आलेलं नाही.

पहिल्या फेरीला आम्ही तिघं होतो, पिंपळगावहून परतताना, रिकाम्या गाडीत. ओझरच्या अलीकडे आप्पांनी गाडी कडेला घेतली. "काहीतरी वाजतंय." खरोखरच वाजत होतं. नाही नाही ते वाजत होतं. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात प्लास्टिक किरकिरत होतं, सन व्हायझर टपावर टिचक्या मारत होतं, डाव्या दारात हरवलेलं दहाचं नाणं इकडून तिकडे घरंगळत होतं, कॅरियरच्या एका नळीतून वारा शीळ घालत होता. हे काही नवं झालेलं नव्हतं. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकले जातात, आणि बारा वर्षं ही सगळी मंडळी मोठ्या बाईच्या पदराआड लपलेली होती. पुढचे काही दिवस चुलतभाऊ खिशात फेविक्विक आणि कापडी चिकटपट्टी घेऊन हिंडत होता.

पण त्यात एक आवाज निराळा होता. साठच्या पुढे, पाय एक्सलरेटरवर असताना बारीक हूं, पाय काढला की सूर बदलायचा, पुन्हा दाबला की पहिला सूर. आप्पांनी गाडी रिकाम्या रस्त्यावर डावी-उजवीकडे हलकी झोलवून पाहिली. चाकाचं बेअरिंग असतं तर वळताना सूर बदलला असता. बदलला नाही. ते काही न बोलता सरळ मिस्त्रींच्या दारात गेले. गाडी वर घेतली, मागच्या डिफरन्शिअलच्या हाऊसिंगचा बूच उघडला, मिस्त्रींनी करंगळी घातली आणि कोरडीच बाहेर काढली. पिनियनचं ऑइल सील गळून गळून नव्वदचं ऑइल कधीच तळाला गेलं होतं. पिनियनचं बेअरिंग गेलेलं, क्राउनचे दात मात्र अजून शाबूत. आणखी एक सीझन असंच चाललं असतं तर क्राउन-पिनियनची जोडीच गेली असती, बहुधा कसाऱ्यात, बहुधा मालासकट.

"हे आपल्याला आधी का नाही ऐकू आलं?" मी आप्पांना मुद्दाम विचारलं.

"मला येत होतं," आप्पा म्हणाले. "मिस्त्रीला वेळ नव्हता."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, बेअरिंगचं बिल केलं.

धुरपदा आता बोलते, पण एका वेळी एक गोष्ट. थंडीत पहाटे अजूनही तोंड सुटतं, घाटात दुसऱ्या गिअरला टर्बोची बारीक शीळ येते, पावसाळ्यात वायपर रडतो. आजीची तक्रार आहे की ती हल्ली दारात येईपर्यंत कळत नाही आणि भाकरी टाकायला उशीर होतो. चुलतभावाला मात्र केबिन एवढी शांत झाल्याचं फार सार्थक वाटलं. इतक्या चांगल्या केबिनमध्ये साधा टेप बरा दिसत नाही म्हणून त्याने सीटमागे, बरोबर त्या ठप्प वाजणाऱ्या पत्र्याला टेकवून, दहा इंची वूफर बसवून घेतला आहे. वायर आत न्यायला दुकानदाराने इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला नवं भोक पाडलं. ग्रोमेट लावलेलं नाही.